मुलाखत, प्रवास आणि जुने दोस्त

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या या पट्ट्यात, म्हणजे पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी भागात, मुलाच्या नावाने मुलाखतीचे बोलावणे आले की घरात पहिला प्रश्न कोणता निघतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ‘काय विचारतील?’ हा तो प्रश्न नसतो. ‘राहणार कुठे? बरोबर कोण जाणार?’ हा असतो. त्याला उत्तर मिळाले नाही की बोलावणे कपाटात जाते. पूर्वी ते पोस्टाने यायचे, हल्ली मोबाइलवर येते, म्हणून कपाटातही जात नाही. नुसते खाली खाली सरकत दिसेनासे होते. मुलगी असेल तर हे अधिकच लवकर घडते.

तेव्हा मुलाखतीला जायचे कसे, वाटेत उतरायचे कोणाकडे आणि गेल्यासारखे चार ठिकाणे पाहून यायची की नाही, एवढाच आजचा विषय आहे. हा काय भाषणाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. पण एवढ्याशा गोष्टीपायी हातची गेलेली नोकरी मी पाहिली आहे. ती माझीच होती, म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

२०१४ च्या मे महिन्यातली गोष्ट. बी.ए., बी.एड. होऊन मला वर्ष झाले होते. विषय इतिहास. घर महाड तालुक्यात. तारापूरच्या बाजूच्या एका शाळेतून बोलावणे आले. सोमवार, सकाळी दहा. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो त्याच वर्षी १ ऑगस्टला. आम्हा महाडकरांना हा मुलूख अगदीच परका. अब्बांचे म्हणणे असे, की रविवारी रात्री एसटीत बसावे, पहाटे मुंबई सेंट्रलला उतरून गाडी धरावी, मुलाखत द्यावी आणि त्याच पावली परत फिरावे. भाडे एकदाच, मुक्कामाचा खर्च नाही. परंतु बी.एड.च्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा सोबती सातपाटीचा, मांगेला समाजातला. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, “रातभर एसटीत बसून कोणाला काय शिकवून दाखवणार तू? एक दिवस आधी ये. झोप आमच्याकडे.”

हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पुढे जे बिघडले ते मी बिघडवले.

रविवारी दुपारी पालघरला उतरलो. सोबती स्टेशनवर आला होता. आधी त्याने मला गावातला हुतात्मा स्तंभ दाखवला. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्च्यावर पालघरला गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे हे त्यांच्यातले एक. बाकीचे नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर इथले. इतिहासाचा पदवीधर असून मला ही नावे ठाऊक नव्हती. सोबत्याला ती पाठ होती, कारण दरवर्षी १४ ऑगस्टला शाळेतून त्यांना तिथे नेत असत. मी ती वहीत उतरवून घेतली.

मग सहाआसनी रिक्षात दाटीवाटीने बसून सातपाटी. ज्यांनी सातपाटी पाहिली नसेल त्यांनी, अगदी बोईसरला राहत असलात तरी, एकदा जाऊन यावे. इतक्या जवळ राहून न गेलेले पालक या सभागृहात पुष्कळ असतील. खाडीच्या कडेला बोटीला बोट लागलेली, मधून जाळी विणत बसलेली माणसे, बायांची टोपल्यांसह लगबग. इथल्या पापलेटचे नाव परदेशापर्यंत गेलेले आहे. २०२३ साली सरकारने पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवले, तेव्हा सातपाटीत आनंद झाला, आणि मासा कमी होत चालल्याची काळजीही लोकांनी त्याच तोंडाने बोलून दाखवली. वजनाप्रमाणे पापलेटची प्रतवारी लागते. अर्ध्या किलोच्या वरचा तो सुपर सरंगा. दुसऱ्या दिवशी माझीही प्रतवारी लागायची होती, पण त्या संध्याकाळी मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

सोबत्याच्या आईने, आम्ही त्यांना काकी म्हणतो, जेवायला बसवताना विचारले, “तुला आमच्याकडचं काय काय चालतं रे बाळा?” मी म्हटले, “काकी, मासळीत आम्हाला काही विचारावं लागत नाही.” त्या हसल्या आणि ताट भरले. आपल्या मुलांना अशा घरी उतरायला जो संकोच वाटतो, तो किनाऱ्यावर तरी इतक्या साध्या तऱ्हेने संपतो. अशाची नमाज मी आतल्या खोलीत पढलो. पश्चिम कोणती हे त्या घरात विचारावे लागत नाही. समुद्र त्याच बाजूला आहे.

यानंतर झोपायला हवे होते. आम्ही रात्री दोनपर्यंत गप्पा मारल्या. वसतिगृहाचे दिवस, कोण कुठे लागला, कोणाचे लग्न ठरले. पुष्कळ दिवसांनी भेटलेले मित्र, दुसरे काय करणार? त्यात मी एक टूम काढली. सातपाटीसमोर खाडीच्या पलीकडे मुरबे गाव आहे. होडीने पलीकडे उतरले की तिथून बोईसरकडे जाणारा रस्ता मिळतो. मी म्हटले, उद्या रिक्षा-रेल्वेने कशाला, होडीनेच जाऊ, तेवढीच खाडी पाहून होईल. सोबत्याच्या काकांची लहान होडी होती. ते तयार झाले, पण एक अट त्यांनी स्पष्ट सांगितली: सहाच्या आत निघायचे, नंतर पाणी उतरते. या खाडीत गाळ फार; मोठ्या बोटींनाही भरतीची वाट पाहत थांबावे लागते.

मी उठलो पावणेसातला. फजरही गेली आणि पाणीही. काका म्हणाले, “आता रस्त्यानेच जा.” मी हट्ट धरला. अर्ध्या वाटेत होडी गाळाला टेकली. काकांनी आणि सोबत्याने उतरून ढकलली, शेवटी मीही उतरलो. पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा इस्त्रीच्या पँटला पोटरीपर्यंत चिखल, बूट हातात, आणि प्रमाणपत्रांची फाइल डोक्यावर धरलेली. तिथून रिक्षा मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. शाळेत पोहोचलो तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

त्या मंडळींनी मला परत पाठवले नाही. सर्वांत शेवटी आत बोलावले. पँटकडे पाहिले, काही बोलले नाहीत. त्यांनी विचारले, या भागाच्या इतिहासातले मुलांना काय सांगाल? मी पालघरच्या गोळीबाराची तारीख सांगितली, पाचही नावे सांगितली, आणि ती पाच नावे म्हणजे पाच गावे, त्या गावांवरून धडा कसा सुरू करीन तेही सांगितले. एवढ्या एका उत्तराला समोरच्या वयस्क गृहस्थांनी मान डोलावली. पण संध्याकाळी जे नाव जाहीर झाले ते माझे नव्हते. निघताना तेच गृहस्थ म्हणाले, “उत्तर चांगलं होतं. पण शाळा घंटेवर चालते.” मला राग आला नाही. माझ्या वर्गात मुले उशिरा येतात तेव्हा मी काय म्हणतो?

आता यातून तुम्ही काय घ्याल? पुष्कळ पालक म्हणतील, बघा, दोस्तांकडे गेला आणि वाया गेला. अब्बांचे ऐकले असते तर! मी हा खटला माझ्या डोक्यात पुष्कळ वेळा चालवला आहे आणि दर वेळी निकाल वेगळा लागतो. आदल्या दिवशी तिथे गेलो नसतो तर ती पाच नावे मला माहीत नसती. सोबत्याच्या घरी झोपायला मिळाले, जेवण मिळाले, एक पैसा खर्च झाला नाही. दोष सोबत्याचा नव्हता, मुक्कामाचा नव्हता. मुलाखतीच्या सकाळीच मला सहल काढायची होती, हा दोष. तीच होडी दुपारनंतर खाडीत होती, भरतीही आली असती.

त्या संध्याकाळी मी परत सातपाटीला गेलो, कारण पिशवी तिथेच होती. काकींनी काही विचारले नाही; चेहऱ्यावरून ओळखले असावे. सोबत्याबरोबर धक्क्यावर बसून राहिलो. भरतीबरोबर एकेक बोट आत येत होती. तो दिवस मी एसटीच्या खिडकीशी डोके टेकून एकट्याने काढला असता तर घरी कोणत्या अवस्थेत पोहोचलो असतो, सांगता येत नाही. तिथे निदान काकांच्या थट्टेवर हसू तरी आले. तीन आठवड्यांनी सोबत्याचा फोन आला. इकडच्या एका स्थानिक पत्रात शिक्षक हवा अशी जाहिरात होती, ती त्याने वाचून दाखवली. ती जाहिरात आपल्या संस्थेची होती. त्या मुलाखतीलाही मी आदल्या दिवशी सातपाटीलाच उतरलो. रात्री दहाला झोपलो, सकाळी सातला रस्त्याने निघालो, आणि दारावरचा शिपाई कुलूप काढत होता तेव्हा पायरीवर बसलो होतो. मुलाखत झाल्यावर दोन दिवस शिरगावचा किल्ला, केळव्याचा किनारा, तारापूरचा किल्ला असे मनसोक्त हिंडलो. काकांच्या होडीतही बसलो.

आता माझ्यासारख्या लहान माणसाची गोष्ट सोडून एका मोठ्या माणसाची ऐका. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे ‘अग्निपंख’ आपल्या ग्रंथालयात आहे. त्यांचे वडील रामेश्वरमला यात्रेकरूंना नावेतून ने-आण करीत, म्हणजे सातपाटीच्या मुलांना हे घर परके वाटू नये. मद्रासच्या शिक्षणासाठी पैसे कमी पडले तेव्हा बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. शिक्षण झाल्यावर त्यांना दोन मुलाखतींची बोलावणी आली. एक दिल्लीला संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात, दुसरे डेहराडूनला हवाई दलात. दक्षिणेच्या टोकाला वाढलेल्या त्या तरुणाने आगगाडीच्या खिडकीतून सारा देश पहिल्यांदा पाहिला. आधी दिल्लीची मुलाखत दिली, मग तिथे आठवडाभर राहिले, आणि मग डेहराडून. तिथे पंचवीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला आणि घेतले आठच. वैमानिक होण्याचे लहानपणापासूनचे स्वप्न एका क्रमांकाने गेले.

पुढे त्यांनी काय केले? लगेच घरची गाडी पकडली नाही. ते ऋषिकेशला गेले, गंगेत स्नान केले, स्वामी शिवानंदांच्या आश्रमात जाऊन त्यांना भेटले, मनातले दुःख त्यांच्यापुढे ठेवले. मगच दिल्लीला परतले आणि चौकशी केली, तर पहिल्या मुलाखतीचे नेमणूकपत्र त्यांच्या हातावर ठेवण्यात आले. १९५८ साली, मूळ पगार महिना अडीचशे रुपये. पालकांनो, मुलगा मुलाखतीत पडला आणि चार दिवस उशिरा घरी आला तर त्याच्यावर ओरडण्यापूर्वी हे ऋषिकेश जरा आठवा. पुढे अग्निबाणांच्या कामासाठी त्यांची मुलाखत झाली ती आपल्या मुंबईत, डॉ. विक्रम साराभाईंपुढे. मुलाखतीनंतर त्यांना थांबायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवड कळवली. त्याच पावली परतीचे तिकीट काढणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

आणि प्रवासाचेच म्हणाल तर आपल्याकडे इब्न बतूता आहे. १३२५ साली, वयाच्या विशीत, तो टँजियरहून हजला निघाला. अलेक्झांड्रियात एका बुजुर्गाने त्याला सांगितले, की माझा एक भाई हिंदुस्थानात आहे, एक सिंधमध्ये, एक चीनमध्ये. भेटशील तेव्हा त्यांना माझा सलाम सांग. इतक्या दूर जाण्याचा विचारही तोवर त्याच्या मनात नव्हता. पुढे तो दिल्लीला आला, मुहम्मद तुघलकाने त्याला काझी नेमले, आणि तिन्ही भाईंना सलाम पोहोचवल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. नोकरी, मुसाफिरी आणि दोस्तांचा सलाम एकाच फेरीत! अर्थात त्याची फेरी जवळजवळ तीस वर्षे चालली. तेवढे मात्र तुम्ही करू नका.

आता मुलींविषयी. बी.एस्सी. झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणे आले. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, मुलीला एकटी कशी पाठवू? मलाही रजा नाही, लॉजवर राहणं तर शक्यच नाही.” मी मुलीला विचारले, तुझ्या वर्गातली कोणी पुण्यात नाही का? होती. शाळेतली मैत्रीण लग्न होऊन कोंढव्याला गेली होती, पण तीन वर्षांत हिने तिला ईदचा निरोपसुद्धा पाठवला नव्हता, म्हणून लाज वाटत होती. मी म्हटले, आज पाठव. त्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी स्वतः वडिलांशी फोनवर बोलून दोघांना या म्हणून सांगितले. वडिलांनी एक दिवसाची रजा काढली, बापलेक गेले, एक रात्र राहिले. ती नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या कंपनीने बोलावले तेव्हा मुलगी त्याच घरी एकटीच गेली. वडिलांनी फक्त स्टेशनवर सोडले. त्यांच्या मनातून पुणे हे गाव कसे बदलले, ते मी पाहिले आहे. आता तिथे एक ओळखीचे दार होते.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, हे मुलींच्या आयांनी ध्यानात ठेवावे. मुलीबरोबर आईने गेले तर दोघींचे मिळून एकाच माणसाचे भाडे पडते. वडिलांना रजा नाही म्हणून बोलावणे वाया का जावे?

दोस्ताकडे उतरण्याचेही काही रिवाज आहेत. आधी कळवावे, दारात उभे राहून ‘आलो’ म्हणू नये. पाहुणचार तीन दिवसांचा असे हदीसमध्ये आहे, पण मुलाखतीच्या आधी एक रात्र पुरे. उरलेल्या दोन नंतर वापरा. रिकाम्या हाताने जाऊ नये, मात्र काय न्यावे याचाही विचार असावा. आमचा एक विद्यार्थी मुंबईला मुलाखतीसाठी निघाला, तेव्हा घरच्यांनी खालाकडे द्यायला सुक्या बोंबलांचे गाठोडे त्याच्या हाती दिले. गाडी उशिरा पोहोचली, खालाकडे जायला वेळ उरला नाही, आणि ते गाठोडे खुर्चीखाली ठेवून तो तिथल्या थंडगार बंद खोलीत दोन तास बसला. पुढचे सांगत नाही. मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या गळ्यात घरची कामे घालू नका. लग्नाची पत्रिका, मामूची औषधे, कोणाच्या जमिनीची चौकशी, हे सारे परतीच्या वाटेवर.

आणखी एक. दोस्ताकडे बातमी मागावी, वशिला मागू नये. कुठे जागा निघाली, कोणते कागद लागतात, तिथे जायला किती वेळ लागतो, हे विचारण्यात कमीपणा नाही. मोबाइलच्या नकाशावर अंतर दिसते. ओहोटी दिसत नाही, मालगाडीसाठी बंद पडलेले फाटकही दिसत नाही. ते तिथला माणूस सांगतो. पण ‘तुझ्या साहेबांना सांग’ असे म्हणून त्याला अडचणीत घातले, की पुढच्या वेळी त्याचा फोन लागत नाही.

पैशाचे बोलून पुढे जातो. नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या बेरोजगारांना पूर्वी रेल्वेभाड्यात सवलत मिळे; मार्च २०२० मध्ये इतर बऱ्याच सवलतींबरोबर ती बंद झाली. आपल्या दीनमध्ये प्रवाशाला चार रकातींच्या जागी दोन पढण्याची मुभा आहे, आणि जकातीच्या हकदारांच्या आठ वर्गांत कुरआनने मुसाफिराला जागा दिली आहे. कोणता उमेदवार त्यात बसतो हे उलेमांनी सांगायचे, माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराने नव्हे. परंतु पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांना हे विचारावे. आणि जकातीतून नाही जमले, तर आपण शिक्षक मंडळी दरमहा थोडे थोडे बाजूला काढायला तयार आहोत. पुण्या-नाशिकच्या भाड्यासाठी एकाही मुलाचे बोलावणे कपाटात जाऊ नये.

मी इकडच्यांनी बाहेर जाण्याविषयी बोललो, पण उलटेही आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढली, आणि बोईसर हे स्वतःच मुलाखतींचे गाव होऊन बसले. सकाळच्या गाडीतून छातीशी फाइल धरून उतरणारी, फलाटावर पत्ता विचारणारी पोरे तुम्ही रोज पाहता. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या मुलाचा जुना वर्गमित्र असेल तर त्याला रात्री घरी बोलवा. फक्त दहा वाजता झोपू द्या.

संस्थेच्या कार्यालयात, माझ्या टेबलावर, आजपासून एक वही ठेवली आहे. आपले जे माजी विद्यार्थी आणि पालकांचे जे नातलग बाहेरगावी आहेत, आणि मुलाखतीला आलेल्या मुलाला किंवा मुलीला एक रात्र आसरा देतील, त्यांनी आपले गाव आणि फोन त्यात लिहावा. मुलींसाठी घरात बाईमाणूस आहे का, हा एक रकाना मुद्दाम आखला आहे. वही कोणाच्याही हाती पडणार नाही. मागणाऱ्याची चौकशी करून मी स्वतः फोन लावून देईन. पहिली नोंद सातपाटीची आहे. माझा सोबती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. परवा येऊन त्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली, आणि पुढे शेऱ्यात लिहिले: पाहुण्याने सकाळी रस्त्यानेच जावे, होडी दुपारनंतर.